गवत कापायची गाडी विजेवर

पहाटे ५.३०

मेअखेरीला जळगावात लोखंडाचं काम करायचं तर उजाडताच शटर वर करावं लागतं. अकरानंतर पत्र्याच्या शेडमध्ये पाना हातात धरवत नाही, आणि पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणं इथे नवलाचं नाही. आमचं दुकान मूळचं मोटार वाइंडिंगचं. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात उन्हाळाभर विहिरींवरच्या मोटारी कमी दाबाच्या विजेवर धापा टाकत चालतात आणि जळतात. त्यांच्या कॉइल पुन्हा भरून देणं हा आमचा धंदा. त्यामुळे खान्देशात बाजाराचं गाव तिथे वाइंडिंगवाला असतोच.

आज शेडच्या मध्ये पंप नाही, गवत कापायची गाडी उभी आहे. माणूस वर बसून चालवतो ती, चार चाकांची, पोटाखाली दोन पाती असलेली. धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर ती बरीच वर्षं फिरली. मग इंजिन धूर सोडायला लागलं, सुटे भाग मिळेनासे झाले आणि गाडी भंगाराच्या यादीत गेली. तिथून ती आमच्याकडे आली. इंजिन उतरवून झालंय, मोटार आणि बॅटरी आणून ठेवली आहे. आज जोडणी करायची आणि संध्याकाळी धुळ्याच्या मैदानावर चालवून दाखवायची. मृग तोंडावर आहे; पहिल्या दोन पावसांनंतर हरळी जी उठते, ती कोणासाठी थांबत नाही.

सकाळी ६.१५

उतरवलेलं इंजिन कोपऱ्यात आहे. एकाच सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, उभ्या शाफ्टचं. ते का गेलं, हे खान्देशाच्या हवामानात शोधावं लागतं. आपल्याकडे गवत जून ते ऑक्टोबर वाढतं. उरलेले सात महिने गाडी पत्र्याखाली उभी. टाकीतलं पेट्रोल उडून जातं, कार्बोरेटरमध्ये चिकट राळ उरते, बारीक भोकं बुजतात. पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी चोक ओढून, दोरी हासडून ते बळेबळे चालू करतं. हे इंजिन वापरून झिजलं त्याहून जास्त पडून राहून बिघडलं. जिथे वर्षाचे सात महिने यंत्र निजून असतं, तिथे विजेची मोटार इंजिनापेक्षा भली. तिच्यात राळ धरायला काही नसतंच.

बाकीची गाडी मात्र ठणठणीत आहे. चॅसी सरळ, गिअरबॉक्सला गळती नाही, पात्यांवरचं पत्र्याचं झाकण, ज्याला डेक म्हणतात, ते हातोडीने ठोकून पाहिलं तर सगळीकडे भरीव आवाज. या तीन गोष्टी शाबूत असतील तरच हे काम हाती घ्यावं. इंजिन बदलता येतं. गंजलेलं डेक बदलायला गेलं की हिशेब बिघडतो.

सकाळी ७

आज पाना हातात घेण्याआधी मी दुकानातल्या पोरांना पाटीवर आकडे मांडून दाखवतो. जुन्या इंजिनावर साडेपंधरा अश्वशक्ती लिहिलेली, म्हणजे साधारण साडेअकरा किलोवॅट. मग आपण तीन किलोवॅटची मोटार का बसवतोय? हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, आणि तो रास्त आहे.

इंजिनावरचा आकडा त्याची शिगेची ताकद सांगतो, आणि ती फक्त वरच्या फेऱ्यांवर मिळते. फेरे उतरले की ताकदही उतरते, म्हणून कारखाना आधीच मोठं इंजिन देतो. मोटारीचं तसं नाही. ती पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, आणि गवताचा गठ्ठा आला तर काही सेकंद आपल्या पाटीवरच्या आकड्याच्या दुप्पट ओढून नेते. सपाट मैदानावर, वेळच्या वेळी कापलेल्या गवतात या गाडीला दोन-सव्वादोन किलोवॅट पुरतात. गुडघाभर वाढलेल्या, ओल्या गवतात मात्र हा हिशेब कोलमडतो. ते गवत आधी विळ्याने किंवा ब्रश कटरने उतरवायचं, हे मी संस्थेला आधीच सांगून ठेवलंय.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 16 सेल एकामागे एक. एकेक सेल 3.2 व्होल्टचा, म्हणजे एकूण 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तास. गुणाकार केला की पाच युनिटं वीज तिच्यात मावते. त्यातली साडेचार वापरायची धरली तर सलग दोन तास कापणी. एवढ्या वेळात ते मैदान होतं.

शिशाची बॅटरी स्वस्त पडते आणि जळगाव-धुळ्यात ई-रिक्षांमुळे ती कोणत्याही चौकात मिळते, हे खरं. पण तेवढ्याच कामाला चार बॅटऱ्यांचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास भरतं, लिथियमचं पंचेचाळीस. आणि धुळ्याचं ते मैदान काळ्या मातीचं आहे. पावसानंतर वापसा यायच्या आधी जड गाडी आत घातली तर चाकं मैदान नांगरून ठेवतील. शिवाय शिशाच्या बॅटरीतून जोराने वीज ओढली की ती आपल्या लिहिलेल्या क्षमतेपेक्षा बरीच कमी देते. रिक्षाच्या संथ ओढीला ती चालते, पात्यांच्या ओढीला नाही.

सकाळी ८.३०

लेथवाले नाना एमआयडीसीत बसतात. काल त्यांना दहा मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी आणि एक स्लीव्ह करायला दिली होती. इंजिनाचा शाफ्ट एक इंचाचा, म्हणजे 25.4 मिलिमीटर, मोटारीचा शाफ्ट 22. जुन्या पुल्या वापरायच्या तर या दोन मापांत सोयरीक जुळवणारी नळी लागते, आतून-बाहेरून चावीची खाच असलेली. नानांनी ती अशी उतरवली आहे की हाताने सरकते, पण डुलत नाही.

‘भो, डायल लावून पाह्य,’ नाना म्हणतात. डायल गेजची सुई पूर्ण फेरीत किती हलते ते मी पाहतो. जेमतेम अर्धी रेघ. नानांनी इतकी वर्षं पंपांचे शाफ्ट आणि जिनिंगच्या यंत्रांचे रोलर केले. परदेशी गवतगाडीचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, पण मिनिटाला तीन हजार फेरे म्हटल्यावर कुठे काय घासेल ते त्यांनी कागद न पाहता सांगितलं. या कामातलं सर्वांत अवघड ज्ञान आपल्या गावात आधीच बसलेलं आहे.

एक गोष्ट नानांनीच काढली. मोटार आडवी चालायला केलेली. आपण ती उभी बसवतोय, शाफ्ट खाली. म्हणजे पट्ट्याची बाजूची ओढ आणि पुलीचं वजन दोन्ही खालच्या बेअरिंगवर. म्हणून पुली शाफ्टच्या टोकाला न बसवता होता होईल तितकी मोटारीच्या अंगाशी घेतली आहे.

सकाळी १०

मोटार पाटीला, पाटी चॅसीला. जुन्या इंजिनाचीच चार भोकं वापरली, नवीन भोक चॅसीला एकही पाडलं नाही. उद्या कोणाला पुन्हा इंजिन बसवायचं झालं तरी बसेल.

मग वायरिंग. इथे मी पोरांना अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवायला लावतो. 51 व्होल्टने सहसा झटका बसत नाही, पण याच विजेच्या दोन टोकांत पाना आडवा पडला तर तो तापून लाल होतो आणि चिकटून बसतो. घरच्या विजेचं भय सगळ्यांना असतं. बॅटरीचं कोणाला नसतं, आणि घात तिथेच होतो.

बॅटरीतून निघालेली पहिली वायर फ्यूजमध्ये जाते, दीडशे अँपिअरच्या. घरातल्या बोर्डावरचा एमसीबी इथे चालत नाही. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, आणि प्रत्येक बदलात ती क्षणभर शून्यावर येते म्हणून ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, त्यामुळे साध्या एमसीबीत ठिणगी पेटलेलीच राहते. फ्यूजनंतर कॉन्टॅक्टर, म्हणजे चावीवर चालणारा मोठा स्विच, त्याच्या अंगाला एक रेझिस्टर, मग मोटारीला वीज मापून देणारा कंट्रोलर. रेझिस्टर एवढ्यासाठी की कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असतात. थेट जोडले तर पहिल्या क्षणी धबधब्यासारखी वीज आत जाते आणि कॉन्टॅक्टरची टोकं जळतात. रेझिस्टरमधून ते आधी सावकाश भरून घ्यायचे.

वायर तांब्याची, 25 चौरस मिलिमीटरची. तिच्या टोकांचे लग दाबयंत्राने दाबलेले. हातोडीने ठोकून बसवलेला लग दोन पावसाळ्यांत सैल होतो आणि तापतो.

आणि सीटखालचं बटण. चालवणारा उठला की पाती थांबली पाहिजेत, यासाठी कारखान्याने ते दिलेलं असतं. जुन्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी ते तार मुरगाळून कायमचं जोडून टाकलेलं दिसतं. या गाडीतही तसंच होतं. ते मी पुन्हा जिवंत केलं आणि त्याची वायर थेट कॉन्टॅक्टरच्या वाटेवर घेतली. या कामात मी बाकी कशातही तडजोड करीन, पण या बटणात नाही. खाली पावणेदोन फुटांची पाती फिरत असतात आणि शाळेचं मैदान आहे.

दुपारी १२.३०

कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, वांग्याचं भरीत. शेडमध्ये बसवत नाही म्हणून मागच्या लिंबाखाली.

बोलणं निघतं की हे वेड नवं आहे का. नवं मुळीच नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1969 पासून काही वर्षं ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा बागेचा छोटा विजेचा ट्रॅक्टर विकला. सहा-सहा व्होल्टच्या सहा शिशाच्या बॅटऱ्या, एकूण 36 व्होल्ट. गवत कापायचा, बर्फ ढकलायचा. 1970च्या दशकाच्या मध्यात ते बंद झालं, तरी त्यातल्या काही गाड्या आजही लोकांनी चालत्या ठेवल्या आहेत. आणि आपल्या शेजारच्या गुजरातेत, अमरेली जिल्ह्यात, मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिला कोळपणीचं यंत्र केलं, ‘बुलेट सांती’. त्यांना त्याचं पेटंटही मिळालं. आपल्याकडे कपाशीत जुन्या मोटारसायकलींची कोळपी फिरताना दिसतात, ती त्याच वाटेवरची. गाडीचं एक आयुष्य संपलं की तिला दुसरं द्यायचं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. इंजिनाऐवजी मोटार घालणं ही त्यातलीच पुढची पायरी.

दुपारी २

बॅटरी मागच्या खोलीत कूलरसमोर ठेवली आहे, आणि ते लाड नव्हेत. या जातीचे सेल पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नयेत. वापरायला मात्र साठपर्यंत चालतात. म्हणजे खान्देशातल्या मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली चार्जर लावणं हे बॅटरीचं आयुष्य कापणं आहे. हे बॅटरीच्या डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून चिकटवलंय.

पहिल्यांदा मोटार फिरवली ती पट्टा न घालता. दिशा पाहायची असते. उभ्या शाफ्टचं हे इंजिन वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं आणि पात्यांची धार, त्यांच्या मागच्या पंखांचा बाक त्याच हिशेबाने केलेला असतो. उलटी फिरली तर गवत कापत नाही, नुसतं झोपवते. आमची मोटार उलटी निघाली. कंट्रोलरमधली एक वायर जोडली आणि सरळ झाली. इंजिन असतं तर हे जमलं नसतं.

दुपारी ३

पट्टा चढवला, पात्यांचा क्लच दिला, आणि कर्कश किंचाळी. रबर जळाल्याचा वास. इंजिन फेरे हळूहळू घेतं, मोटार एकदम घेते. दोन पाती जागेवरून उठायच्या आत पुली पुढे पळते आणि पट्टा घसरतो. पट्टा आवळून हा प्रश्न सुटत नाही, उलट बेअरिंग जातं. कंट्रोलरला लॅपटॉप जोडून मोटारीने पूर्ण वेग गाठायला तीन सेकंद घ्यावेत असं ठरवून दिलं. किंचाळी थांबली.

वेगही तिथेच बांधून टाकला. पातं एकवीस इंचांचं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना त्याचं टोक सेकंदाला चौऱ्याऐंशी मीटर कापतं. अमेरिकी मानकाची मर्यादा मिनिटाला 19,000 फूट, म्हणजे सेकंदाला साडेशहाण्णव मीटर. मोटारीला आणखी वेग देता येतो म्हणून द्यायचा नसतो. तेवढ्या वेगाने उडालेला खडा खिडकी फोडून थांबत नाही.

दुपारी ४

छोट्या टेम्पोत गाडी चढवली. पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. टेम्पोवाला विचारतो, ‘पण दादा, वीज तरी कोळशाचीच ना?’

बरोबर विचारलं. भुसावळजवळ दीपनगरला महानिर्मितीचं कोळशाचं वीज केंद्र आहे, आपल्या घरातल्या दिव्यात त्याचा वाटा आहेच. पण याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचाच 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून चालतोय, आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. पेट्रोल पेट्रोलच राहतं. वीज कुठून घ्यायची ते बदलता येतं. या संस्थेच्या छतावर सौर पॅनल आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे त्यांची वीज कमी होते, तरी पाच युनिटं दिवसभरात निघतात.

आणि खर्चाचं म्हणाल तर जुनं इंजिन तासाला दोन लिटर पेट्रोल प्यायचं, आणि लिटर शंभरावर. आता चार्जरमधली गळती धरून तासाला अडीच युनिटं. बारा रुपयांनी धरली तरी तीस रुपये. बदलाला सगळं मिळून सव्वा लाख लागलेत, त्यात निम्म्याहून जास्त एकट्या बॅटरीचे. वर्षाला फार थोडे तास चालणाऱ्या गाडीवर हा खर्च नुसत्या पेट्रोलच्या बचतीतून लवकर फिटणार नाही, हे मी संस्थेला स्वच्छ सांगितलं. फायदा दुसरीकडे आहे. नवी गाडी घ्यायला कित्येक लाख लागतात ते वाचले, आणि दर जूनला मेकॅनिक शोधत फिरणं संपलं.

संध्याकाळी ६.१५

धुळ्याच्या मैदानावर ऊन उतरलंय. पाणी देऊन राखलेला एक हिरवा पट्टा आहे, तिथेच चाचणी. गाडी चालवणारे माळीकाका अनेक वर्षं या मैदानावर आहेत. सगळे त्यांना बापू म्हणतात. बापू सीटवर बसले, मी चावी फिरवली. बापू माझ्याकडे पाहत राहिले.

‘हाई गाडी चालू शे का बंद?’

‘चालू शे बापू. पाय दाबा.’

गाडी सरकली. क्लच दिला तेव्हा पात्यांचा घूं असा आवाज आला, तेवढाच. शेजारच्या वर्गात शिकवणी चालू होती, ती थांबवावी लागली नाही.

मी अँमीटर पाहत चालत होतो. बारीक गवतात पस्तीस-चाळीस अँपिअर, दाट जागी साठ. एका ठिकाणी काटा ऐंशीवर गेला तेव्हा गाडी थांबवून पाती पाहिली. डावं पातं बोथट होतं. बापूंनी ते तिथेच कानसीने धरलं, पुन्हा चढवलं, आणि त्याच जागी काटा पासष्टच्या पुढे गेला नाही. इंजिनावर हे कधी कळलंच नसतं. ते थोडा जास्त आवाज करून, थोडं जास्त पेट्रोल पिऊन ढकलत राहिलं असतं. बापूंना अँमीटर समजायला पाच मिनिटं लागली. काटा चढला की धार लाव, एवढंच.

संध्याकाळी ७.३०

चार्जिंग शिकवायचं. पावसाळ्यात कापणी झाली की गाडी सावलीत अर्धा तास थंड होऊ द्यायची, मग चार्जर. दिवाळीनंतर गाडी उभी करायची तेव्हा बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही. निम्मी ठेवायची, मुख्य स्विच काढायचा आणि दोन महिन्यांनी एकदा पाहायची. भरलेली लिथियम बॅटरी उन्हाळाभर तापत पडली की लवकर म्हातारी होते. माणसं हे उलटं करतात, कारण शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरून ठेवायचं असतं आणि तीच सवय हाताला असते. डेकखाली पाण्याचा पाइप मारायला हरकत नाही. मोटारीवर आणि कंट्रोलरवर मारायचा नाही. बापूंनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं.

रात्री ८.१५

परतीला टेम्पो रिकामा. संस्थेच्या कार्यालयात चहा घेताना तिथल्या साहेबांनी विचारलं की दुसऱ्या संस्थांनाही सांगू का. सांगा, पण पुढचं सगळं सांगा. तुमच्या शाळेच्या, कारखान्याच्या, नगरपालिकेच्या बागेच्या आवारात अशी गाडी उभी असेल तर लिलावाची यादी करण्याआधी ती गावातल्या एका वाइंडिंगवाल्याला आणि एका लेथवाल्याला दाखवा. चॅसी वाकलेली असेल किंवा डेकला भोकं पडली असतील तर खुशाल भंगारात द्या. ती धड असतील, मैदान सपाट असेल आणि एका वेळी दोन तासांचं काम असेल, तर विजेवर घ्या. आणि कोणी सीटखालचं बटण जोडायची गरज नाही म्हणाला, तर त्याला काम देऊ नका.